गालिच्यावर रंग सांडला तर: डबा कलंडल्यापासून गालिचा वाळेपर्यंत

गणपती उठले की पुण्यात सोसायटी-सोसायटीत रंगकाम सुरू होतं. दिवाळीच्या आत घर नवं दिसायला हवं असतं, पेंटरला पुढच्या साइटची घाई असते, आणि हॉलमधला गालिचा उचलून ठेवायचं काम "एकच तर भिंत राहिलीय" म्हणून राहून जातं. डबा कलंडतो तो नेमका तेव्हा.

आमच्या हॉलमधे पांढऱ्या प्लॅस्टिक पेंटचा डबा शिडीवरून खाली आला, तेव्हा पेंटरने पहिल्यांदा हात घातला तो थिनरच्या बाटलीला. त्याचा हात मी धरला म्हणून आज तो गालिचा घरात आहे. त्यानंतर सोसायटीतल्या बऱ्याच घरांत अशा डागांसाठी मला हाक आली. जे गालिचे कायमचे गेले, ते बहुतेक रंगामुळे गेले नाहीत. कोणीतरी घाईने भलतंच काही ओतलं आणि खसाखसा घासलं, म्हणून गेले. म्हणून हा लेख सगळ्यात आधी काय करू नये यासाठी आहे, आणि मग काय करावं यासाठी.

१. पंखा बंद करा आणि रंग उचला

रंग कुठला, गालिचा कसला, हे प्रश्न नंतर. आधी पंखा बंद करा. डब्यावर इमल्शनची, म्हणजे प्लॅस्टिक पेंटची, वरवर वाळण्याची वेळ साधारण अर्ध्या तासाची दिलेली असते. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत पंख्याखाली त्याहूनही कमी वेळ हातात असतो. लहान मुलं, कुत्रं-मांजर खोलीबाहेर. रंगात पाय पडला की एका डागाचे दहा होतात.

आता उचलायला घ्या. पेंटरकडे पुट्टी लावायची पातळ पत्र्याची पट्टी असते ती मागा. नसेल तर सुपली आणि जुनं प्लॅस्टिक कार्ड चालेल, मोठा चमचाही चालेल. डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत, मध्याकडे, रंग ओढत आणा आणि उचलून डब्यात टाका. पट्टी आडवी धरा, खाली दाबू नका. दर वेळी पट्टी पुसून घ्या, नाहीतर उचललेला रंग पुन्हा तिथेच लागतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे. अर्धा लिटर रंग सांडला असेल तर त्यातला बराचसा नुसत्या पट्टीने निघतो. पट्टीला काही लागेनासं झालं की पांढरं सुती कापड घ्या. जुनं धोतर, पंचा, उशीचा अभ्रा, काहीही चालेल, पण पांढरंच हवं. रंगीत फडक्याचा रंग गालिच्याला लागू शकतो, आणि कापडावर किती रंग उतरला हेही दिसत नाही. वर्तमानपत्राने टिपू नका, शाई उतरते. कापड डागावर ठेवा, तळव्याने दाबा, सरळ वर उचला, घडी बदला, पुन्हा दाबा.

घासायचं नाही. पेंटर घासेल, मदतीला आलेल्या मावशी घासतील, तुमचा स्वतःचाही हात घासायला जाईल. गालिच्याचा धागा पिळाचा असतो. घासल्याने पीळ सुटतो आणि रंग टोकावरून बुडाकडे जातो. बुडाला गेलेला रंग काढणं हे फार वेगळं आणि अवघड काम आहे.

सामान आणायला बाहेर जावं लागणार असेल तर डाग तसाच उघडा टाकून जाऊ नका. पाण्यातला रंग असेल तर त्यावर ओलं, घट्ट पिळलेलं कापड आणि वर प्लॅस्टिकची पिशवी पसरा. तासभर तरी तो वाळणार नाही. ऑइल पेंट असेल तर पाणी नको, नुसतं प्लॅस्टिक झाका.

२. रंग कुठला आहे ते डब्यावर वाचा

पेंटरला विचारा, पण त्याच्या शब्दावर थांबू नका. डबा हातात घ्या आणि तो कशाने पातळ करायचा म्हणून लिहिलंय ते बघा. "पाणी" असेल तर तो पाण्यातला रंग. "मिनरल टर्पेंटाइन", "एमटीओ" (त्याचंच लघुरूप) किंवा "थिनर" असेल तर तेलातला.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, "भिंतीचा रंग म्हणजे पाण्याचा" हा समज. लस्टर भिंतीलाच लावतात आणि तो टर्पेंटाइनमधे पातळ होतो. प्रायमरही दोन्ही प्रकारचे मिळतात. दुसरी गफलत नावाची. एकाच नावाखाली पाण्यातलं इमल्शनही येतं आणि तेलातलं इनॅमलही. एशियन पेंट्सचं अ‍ॅपकोलाइट हे त्याचं उदाहरण. मोठ्या अक्षरातलं नाव वाचून निर्णय घेऊ नका, त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

साधारण असं धरून चाला: प्लॅस्टिक पेंट, अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपर, मुलांचे पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिक ट्यूब हे पाण्यातले. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट, ग्रिलचा रेड ऑक्साइड, लस्टर हे तेलातले. लाकडाच्या पॉलिशचं गणित निराळं आहे, त्याबद्दल पुढे.

डबा फेकून झाला असेल किंवा डाग जुना असेल तर पांढऱ्या कापडाच्या टोकाला सर्जिकल स्पिरिट लावून डागाच्या एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ, चिकट होऊन कापडावर उतरला तर तो पाण्यातला. काहीच हललं नाही तर बहुधा पक्का वाळलेला ऑइल पेंट.

३. गालिचा कशाचा आहे?

मागच्या कोपऱ्यात चिठ्ठी शिवलेली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कडेचा एक सुटा धागा कापा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. हे सगळं स्वयंपाकघरात करा, स्पिरिट-टर्पेंटाइन उघडायच्या आधी. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक: नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर. कागदासारखा भुरकन जळला तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस.

याचा उपयोग काय, तर:

सिंथेटिकला साबण, स्पिरिट, टर्पेंटाइन हे सगळं जपून चालतं. उष्णता मात्र चालत नाही. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. तापलेली इस्त्री टेकली की तिथे चकाकणारा चट्टा कायमचा.

लोकर क्षाराला भिते. कपडे धुण्याची पावडर, अमोनिया, धुण्याचा सोडा, ब्लीच यातलं काहीही नको. लोकरीसाठी इझीसारखा सौम्य द्रव साबण थोड्याशा कोमट पाण्यात घ्या. रिठ्याचं पाणीही लोकरीला सोसतं, पण फिक्या रंगावर पिवळट छटा सोडू शकतं, म्हणून मी ते फक्त गडद गालिच्यावर वापरते.

व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं आणि "आर्ट सिल्क" म्हणून विकलं जातं. ओलं झालं की त्याचा धागा कमजोर होतो आणि वाळल्यावर पिवळट, ताठ पडू शकतो. त्यावरचा मोठा डाग घरी काढायला जाऊ नका. तागाच्या गालिच्यालाही पाणी जास्त झालं की तपकिरी डाग उमटतात.

सोलापुरी सतरंजी सगळ्यात सोपी. सुती आहे, उचलता येते, बादलीत बसते. रंग ओला असेल तर उलट्या बाजूने नळाखाली धरा म्हणजे रंग आला त्याच वाटेने बाहेर पडतो. तिचा स्वतःचा रंग जात नाही ना, एवढं आधी ओल्या पांढऱ्या कापडाने बघून घ्या.

४. हे सामान जवळ ठेवा

- पांढरी सुती फडकी, वाटतात त्याच्या दुप्पट
- पुट्टीची पट्टी, बोथट सुरी, जुना मऊ टूथब्रश
- भांडी घासायचा द्रव साबण, शक्यतो बिनरंगी
- आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट
- औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन
- मिनरल टर्पेंटाइन, फक्त ऑइल पेंटसाठी
- नायट्राइलचे हातमोजे (टर्पेंटाइनमधे साधे रबरी मोजे फुगतात)
- पाण्याचा फवारा, दोन वाडगे, नखं कापायची छोटी कात्री

बहुतेक सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे मिळतं. टर्पेंटाइन आणि पट्टी कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळेल, आणि सगळं एका फेरीत घ्यायचं असेल तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलवाल्याकडे नसेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. सर्किट बोर्ड साफ करायला तेच लागतं. अगदीच काही नसेल तर बिनरंगी सॅनिटायझर जेल चालतं. ते जागेवर टिकतं आणि लवकर उडत नाही, फक्त नंतर चिकटपणा धुऊन काढावा लागतो.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर आधी बघा, तो पाणी ओढणारा आहे का. साध्या कोरड्या व्हॅक्यूमने पाणी ओढलंत तर मोटर जाईल आणि शॉकचाही धोका आहे. स्पिरिट किंवा टर्पेंटाइन तर कुठल्याच व्हॅक्यूमने ओढायचं नाही. मोटरच्या ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते.

काहीही लावायच्या आधी सोफ्याखालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावा, पांढरं कापड पाच-दहा मिनिटं दाबून ठेवा आणि बघा. गालिच्याचा रंग कापडावर आला तर ते द्रावण वापरू नका. ही पायरी सगळे गाळतात.

५. पाण्यातला रंग, अजून ओला

हा डाग जातो. अगदी जातो. धीर धरा, एवढंच.

एक वाटी कोमट पाण्यात पाव चमचा द्रव साबण. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई नव्हे. उरलेला साबण धूळ धरतो आणि महिन्याभरात तिथे काळा पट्टा दिसतो. गरम पाणी नको.

फवाऱ्याने डाग ओलसर करा, भिजवून चिंब करू नका. कापड दाबा, उचला. पुन्हा ओलं करा, दाबा, उचला. आमच्या गालिच्यावर सुरुवातीला कापड दुधासारखं पांढरं होऊन येत होतं. मग ताकासारखं पातळ, मग नुसतं गढूळ. मधे एक टप्पा असा येतो की वरून बघताना डाग गेलेला दिसतो आणि हात थांबतो. तिथे थांबू नका. बोटांनी धागे बाजूला करून मुळाशी बघा. मुळाशी पांढरा थर दिसला तर अजून काम बाकी आहे. कापडावर स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा.

गाठींमधे अडकलेल्या रंगासाठी टूथब्रश वापरा, पण गोल फिरवू नका. धाग्याच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे, हलकेच.

६. पाण्यातला रंग, वाळून कडक झालेला

बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. पेंटर गेले, चार दिवसांनी सामान लावताना डाग दिसला.

आधी हे समजून घ्या की आता नुसत्या पाण्याने काही होणार नाही. इमल्शनमधलं पाणी उडून गेलं की त्यातले अ‍ॅक्रिलिकचे बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. भिंत फडक्याने पुसता येते ती याच गुणामुळे. म्हणून क्रम असा: मोडा, मऊ करा, उचला.

मोडा. जाड खपली असेल तर बोथट सुरीने किंवा पट्टीने कडेपासून खरवडा. नखांमधे धागा धरून चुरगळलं तरी बरीच पूड पडते. पडलेली पूड कोरडीच व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. हे अर्धं काम झालं.

मऊ करा. दोन वाटा आहेत. लोकर असेल किंवा घाई नसेल तर ग्लिसरीन. कापसाने डागावर लावा, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि काही तास राहू द्या. पापुद्रा लवचिक होतो आणि पट्टीने पदर सुटल्यासारखा उचलतो. सिंथेटिक असेल तर स्पिरिट जलद. कापडाला लावा, गालिच्यावर ओतू नका. दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मग टूथब्रशने मुळाकडून टोकाकडे ओढा, लगेच स्वच्छ कापडाने टिपा. रंग मऊ होऊन कापडावर आला नाही आणि आजूबाजूला पसरला, तर स्पिरिट जास्त झालंय.

एका वेळी पाच रुपयांच्या नाण्याएवढीच जागा घ्या. सगळा डाग एकदम मऊ केलात तर उचलायला दोन हात पुरत नाहीत, आणि मऊ झालेला रंग पुन्हा खाली बसतो.

वाफेचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो चालतो, पण इस्त्री आणि गालिचा यांच्यात वीतभर अंतर आणि मधे ओलं कापड हवं. सिंथेटिकवर मी तो टाळते, लोकरीवर तर नकोच.

शेवटी काही टोकं उरतातच. एखाद-दुसऱ्या धाग्याच्या टोकावर पांढरा ठिपका असेल तर नखं कापायच्या कात्रीने फक्त ते टोक कापा. दाट गालिच्यात ते कळतही नाही. वाटोळा गोल कापून खळगा करू नका, आणि सपाट विणीच्या सतरंजीवर तर कात्री चालवूच नका.

७. ऑइल पेंट

इथे वेळ थोडा जास्त मिळतो. इनॅमल वरून वाळायला काही तास घेतो आणि आतून कडक व्हायला रात्र जाते. पण काम जास्त जोखमीचं आहे, आणि जोखीम डागापेक्षा वाफेची आहे.

सगळ्या खिडक्या उघडा. देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅस, सगळं विझवा. बारीक वाटणारी गोष्ट नाही ही. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांना ठिणगीने पेट घ्यायच्या स्थितीत येते, आणि पुण्यात एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला टेकतो. स्पिरिट तर नेहमीच्या तापमानालाही पेट घेतं. दिवाळीच्या तोंडावर दारात पणत्या लावलेल्या असताना हे काम काढू नका. दिवसा करा.

पट्टीने सगळा रंग उचलून झाला की कापडाला थोडं टर्पेंटाइन लावा. कापड ओलसर हवं, ठिबकणारं नको. कडेकडून मध्याकडे टिपत या. घडी सतत बदला. आता ओतू का नये, तर गालिच्याचे धागे पाठीमागे लेटेक्सच्या थराने चिकटवलेले असतात. टर्पेंटाइन खाली पोचलं की तो थर फुगतो, आणि थिनर पोचलं तर सैल होऊन सुटतो. शेजारच्या इमारतीत मी असा गालिचा पाहिला आहे. वरून डाग पूर्ण गेला होता, पण उचलल्यावर पाठ पापडासारखी सुटून आली आणि तिथले धागे मुठीत आले. त्यावर इलाज नाही. हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्याला ही चिकटवलेली पाठ नसते, पण तिथे धाग्याचा रंग फुटण्याची भीती असते.

रंग निघाला की टर्पेंटाइनही काढावं लागतं, नाहीतर आठवडाभर वास राहतो आणि तिथे धूळ चिकटते. साबणाचं तेच हलकं द्रावण, टिपणं, मग साधं पाणी, टिपणं.

पूर्ण वाळलेला ऑइल पेंट सगळ्यात हट्टी. हवेतल्या ऑक्सिजनने तो रासायनिकदृष्ट्या घट्ट झालेला असतो, त्यामुळे टर्पेंटाइनने फक्त कडा सैल होतात. खरवडा, चुरा करा, ग्लिसरीन लावून रात्रभर ठेवा, पुन्हा खरवडा. छोटा ठिपका जातो. तळहाताएवढा डाग घरी जात नाही, हे मान्य करून नवव्या मुद्द्याकडे जा.

पेंटर एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचं तेज थिनर, काढेल. नको म्हणा. रॉकेलने रंग निघतो, पण तेलकट डाग आणि वास मागे राहतो. पेट्रोल तर घरात आणूसुद्धा नका. नेलपॉलिश रिमूव्हरमधे बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटेटचा धागा त्यात अक्षरशः विरघळतो. गालिचा नेमका कशाचा ते माहीत नसेल तर बाटली उघडू नका.

८. पुट्टी, चुना आणि पॉलिश

पुट्टीची पूड सांडली तर पाणी लावायचं नाही. ती बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते, पाणी मिळालं की घट्ट होते. कोरडीच व्हॅक्यूमने ओढा. कालवलेली पुट्टी पडली असेल तर वरचा गोळा उचला, उरलेलं वाळू द्या आणि मग फोडून झाडा. चुन्याचंही तसंच, कोरडा असताना झाडा.

फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमधे विरघळवलेली लाख, त्यामुळे ते स्पिरिटनेच सुटतं. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे पॉलिशचे प्रकार मात्र रासायनिक क्रियेने कडक होतात. ओले असतील तेवढ्यात पट्टीने उचला. त्यानंतर घरगुती उपाय नाही.

मुलांचे पोस्टर कलर साबणपाण्याने जातात. लाल आणि जांभळा मागे फिकी छटा सोडतो, ती स्पिरिटच्या कापडाने कमी होते.

९. माणूस बोलवायचा की नाही

हाताने विणलेला लोकरी किंवा रेशमी गालिचा, व्हिस्कोस, पूर्ण वाळलेला मोठा ऑइल पेंट, मेलामाइन-पीयू, आणि ऑफिससारखा भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला कार्पेट ज्याच्या खाली रंग झिरपलाय: एवढ्या वेळी बोलवा. बोलावताना तीन प्रश्न विचारा. रंगाच्या डागाला कुठलं रसायन वापरणार? कोपऱ्यात आधी चाचणी करणार का? डाग गेला नाही तर पैसे किती? "सोफा, गालिचा, गादी सगळं एकाच शॅम्पूने करतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून पाठवा. आणि तुम्ही आधी काय काय लावलंय ते खरं सांगा, कारण त्यावर त्याचं पुढचं रसायन ठरतं.

भाड्याचं घर असेल आणि गालिचा मालकाचा असेल तर डागाचा फोटो त्याच दिवशी काढून मालकांना कळवा. डिपॉझिटच्या वेळी वाद घालण्यापेक्षा हे केव्हाही सोपं. रंगकाम मालकांनीच काढलेलं असेल तर जबाबदारी कोणाची हेही तेव्हाच बोलून घ्या.

१०. धुणं आणि वाळवणं

शेवटचं पाणी कुठलं वापरता याने फरक पडतो. आपल्याकडे पुष्कळ सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. जड पाण्यात साबण नीट सुटत नाही आणि वाळल्यावर पांढुरका थर दिसतो, तो थर रंगच राहिलाय असं वाटून लोक पुन्हा घासत बसतात. शेवटच्या दोन-तीन वेळा टिपायला पिण्याचं पाणी घ्या. तांब्याभर पुरतं.

मग कोरडं, जाड, पांढरं टॉवेल घडी करून जागेवर ठेवा, वर प्लॅस्टिक आणि त्यावर वजन: पाटा, जाड पुस्तकं, जे असेल ते. रात्रभर राहू द्या. वाळताना खालचा ओलावा वर चढतो आणि सोबत उरलासुरला रंग आणतो. तो धाग्यांच्या टोकावर यायच्या ऐवजी टॉवेलवर येतो. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी डाग "परत आलेला" दिसतो. तसं झालंच तर घाबरू नका, साबणपाण्याचा एक हलका फेरा आणि पुन्हा टॉवेल.

गालिचा उचलता येत असेल तर दोन खुर्च्यांवर आडवा टाका, खालून वरून हवा लागेल असा. आता पंखा पूर्ण वेगाने चालू. उन्हात टाकायचा तर उलटा टाका, कारण कडक उन्हाने रंग विटतो. जून ते सप्टेंबर हे काम करत असाल तर पाणी कमीत कमी वापरा आणि एक-दोन दिवसांत आतून कोरडा होईल याची काळजी घ्या, नाहीतर बुरशीचा कुबट वास धरतो. वरून कोरडा लागला तरी मुळाशी बोट घालून बघा. थंड लागलं तर अजून ओलं आहे.

११. चिंध्या, डबे आणि उरलेलं पाणी

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. तेलातला रंग वाळताना उष्णता सोडतो, आणि बंद गोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाल्कनीत फरशीवर एकेक पसरून, सावलीत, कडक होईपर्यंत वाळवा. मगच टाका.

टर्पेंटाइन सिंकमधे ओतू नका. बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा. रंग खाली बसतो आणि वरचं टर्पेंटाइन ब्रश धुवायला पुन्हा वापरता येतं. रंगाचे डबे वेगळ्या, घातक कचऱ्यात येतात, म्हणजे ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. कचरा न्यायला येणाऱ्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना ते वेगळे, झाकण लावून, आत काय आहे ते सांगून द्या. त्या अनेकदा उघड्या हातांनी कचरा वेगळा करतात.

१२. पुढच्या रंगकामाला

गालिचा गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. जागा नसेल तर गुंडाळी प्लॅस्टिकमधे घालून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करा. टोकं उघडी राहिली की पुट्टीची धूळ आत जाते. चिकटवलेला कार्पेट असेल तर आधी जुनी चादर आणि तिच्यावर ताडपत्री अंथरा, या क्रमाने. नुसत्या पातळ प्लॅस्टिकवर शिडी सरकते आणि पायाने फाटतं. कडा मास्किंग टेपने भिंतीलगत चिकटवा. पेंटरशी पैसे ठरवतानाच हे अंथरण्याचं काम त्यांच्या कामात धरून घ्या, आणि मोठा डबा शिडीवर न्यायचा नाही, लागेल तेवढाच रंग छोट्या डब्यात घ्यायचा, हेही तेव्हाच सांगून ठेवा.